गुरुजींच्या ओव्या आणि बारा सह्या

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं, २०१९ ते २०२२ मधलं. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह होतो. नोकरी बँकेत झाली, निवृत्तीनंतर हे काम अंगावर घेतलं. गावाचं, माणसांचं आणि पुस्तकाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. अशीच जुनी, अडकलेली पुस्तकं इतर वाचनालयांच्या कपाटांतही असणार, म्हणून आमच्याकडे काय घडलं ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

१९५३ साली आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह छापला. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणतो. ओव्या कशा जमवल्या ते त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. बदली होईल त्या गावात पहाटे शेजारी जातं सुरू झालं की ते कंदील घेऊन ओट्यावर बसत आणि भिंतीपलीकडून कानावर पडेल ते वहीत उतरवून घेत. निसटलेले शब्द दुपारी बायकोकरवी विचारून घेत. अशा ११ गावांतल्या ओव्या, त्यांवरच्या टिपा, शेवटी कठीण शब्दांचे अर्थ आणि त्यानंतर ओव्या सांगणाऱ्या ३७ बायकांची नावं, गावासकट. त्या काळी गाणाऱ्या बायकांची नावं छापायचं कुणाला सुचलं असतं? गुरुजींना सुचलं.

२१२ पानं, गावातल्याच छापखान्यात निघालेल्या ५०० प्रती. मुखपृष्ठाच्या मागे ओळ होती: ‘सर्व हक्क प्रकाशकाचे स्वाधीन’. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. गुरुजी १९७१ मध्ये वारले. छापखाना पुढे बंद पडला.

वाचनालयात या पुस्तकाची एकच प्रत उरली होती. मोठ्या शहरांतल्या चार ग्रंथालयांत चौकशी केली. दोन ठिकाणी नोंद सापडली, पण पुस्तक जागेवर नव्हतं.

अडचण कुठे आली

जुलै २०१९ मध्ये लोकसाहित्यावर पीएच.डी. करणारी एक मुलगी आली आणि तिने सगळ्या पुस्तकाची झेरॉक्स मागितली. ग्रंथपाल बाईंनी पुस्तक यंत्राच्या काचेवर पालथं ठेवून हलकेच दाबलं, तर पुठ्ठा आणि पानं वेगळी झाली. टाचणीच्या तारा गंजल्या होत्या आणि गंजाने पानांना तपकिरी भोकं पडली होती. एका पानाचा कोपरा बाईंच्या बोटाला चिकटला आणि बोटावरच त्याची भुकटी झाली. बाईंनी झेरॉक्स थांबवली, पानं जुन्या साडीच्या तुकड्यात बांधली आणि संध्याकाळी मला बोलावून घेतलं.

पुस्तक वाचवायला कायद्याची आडकाठी नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट सोय आहे: ज्या कामाची कागदी प्रत बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे आधीच आहे, ते काम जतनासाठी इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येतं. बाजारात मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरापुरत्या तीन प्रतीही काढता येतात. ओव्या नष्ट होणार नाहीत एवढी व्यवस्था कायद्याने आधीच करून ठेवली होती.

पण त्या मुलीला पुस्तक घरी वाचायचं होतं. ११ गावांतल्या शाळांनाही ते हवं होतं. आणि आम्हाला ते पुन्हा छापायचं होतं. तिथे वाट बंद होती. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. गुरुजी गेले १९७१ साली. म्हणजे पुस्तक मोकळं होणार १ जानेवारी २०३२ ला.

साठ वर्षं आली कुठून

हे सगळं वाचताना मी बराच अस्वस्थ झालो, म्हणून इथे थोडं थांबतो.

गुरुजींनी पुस्तक छापलं तेव्हा आपल्याकडे १९१४ चा कायदा होता. ब्रिटनचा १९११ चा कायदाच त्याने थोड्याफार बदलांसह लागू केला होता. मुदत तेव्हाही लांब होती, मृत्यूनंतर ५० वर्षं. पण त्यात एक खिडकी ठेवलेली होती. लेखकाच्या मृत्यूला २५ वर्षं झाल्यावर, लेखी सूचना देऊन आणि विक्रीकिमतीवर १० टक्के मानधन हक्कदाराला देऊन कुणालाही पुस्तक छापता येई. परवानगीसाठी दारोदार फिरावं लागत नसे आणि वारसांचे पैसेही बुडत नसत. ती खिडकी उघडी राहिली असती, तर गुरुजींचं पुस्तक १९९७ पासून कुणीही छापू शकलं असतं.

१९५७ च्या कायद्यात ५० वर्षं राहिली, पण खिडकी गेली. मग १९९१ उजाडलं. रवींद्रनाथ ठाकूर ऑगस्ट १९४१ मध्ये गेले होते, त्यांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या ३१ डिसेंबरला संपत होता. त्याच डिसेंबरच्या अखेरीस अध्यादेश आला, १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि मुदत ६० वर्षांवर गेली. रवींद्रनाथांबद्दलचा आदर मला समजतो. पण ती वाढ त्यांच्यापुरती नव्हती. देशातल्या प्रत्येक लेखकाच्या प्रत्येक ओळीवर तिने दहा वर्षं चढवली. आमच्या गुरुजींच्या ओव्यांवरही. त्याउलट गांधीजींच्या लेखनाचा हक्क २००८ च्या अखेरीस संपला, तेव्हा नवजीवन ट्रस्टने मुदत वाढवून मागितली नाही.

मृत्यूनंतर साठ वर्षं हा आकडाही नवा नाही. १८४१ मध्ये ब्रिटिश संसदेत टॅलफर्ड नावाच्या सभासदाने नेमकी एवढीच मुदत मागितली होती. तिच्या विरोधात उभा राहिला मेकॉले. आपल्याकडच्या शिक्षणामुळे त्याचं नाव कानाला गोड लागत नाही, पण त्या दिवशी त्याने मांडलेला मुद्दा मला आजही पटतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉपीराइट म्हणजे लेखकाला बक्षीस देता यावं म्हणून वाचकावर बसवलेला कर. लेखकाला पोट आहे, म्हणून कर हवाच. पण लेखक मरून कित्येक वर्षं झाल्यावरही तो चालू राहिला, तर वाचकाचा बोजा वाढतो आणि लेखकाच्या हाती त्यातलं काही पडत नाही. आणखी एक धोका त्याने दाखवला होता: आजोबांचं लेखन ज्यांना आवडत नाही असे वारस ते कायमचं दाबूनही ठेवू शकतात. ते विधेयक पडलं. आज आपल्याकडे मुदत आहे ती टॅलफर्डने मागितलेलीच.

बँकेतला माणूस असल्याने मी एक हिशेब केला. सात टक्के व्याज धरलं, तर २०२२ साली मिळणाऱ्या शंभर रुपयांची १९५३ सालातली किंमत भरते ९४ पैसे. म्हणजे १९९२ मध्ये वाढवलेल्या दहा वर्षांनी, पुस्तक लिहायला बसलेल्या गुरुजींच्या हातात शंभरामागे रुपयाभरही टाकला नसता. शिवाय वाढ झाली तेव्हा गुरुजींना जाऊन वीस वर्षं उलटली होती. गेलेल्या माणसाला लिहायला उत्तेजन कसं देणार?

आमच्यासमोरचे पर्याय

जानेवारी २०२० मध्ये कार्यकारिणीची बैठक झाली. वादाचा सूर बऱ्यापैकी चढला.

एका सदस्याचं मत सरळ होतं: टाका नेटवर, कोण येतंय विचारायला? खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी असंच चालतं. पण आमचं वाचनालय शासनाच्या अनुदानावर चालतं. कॉपीराइटचा भंग हा फौजदारी गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, अशी तरतूद आहे. नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण कोषाध्यक्षांच्या डोळ्यांपुढे अनुदानच होतं. आणि मला तर दुसरंच खटकत होतं: ज्या माणसाने ३७ बायकांची नावं छापली, त्याचं पुस्तक आपण त्याच्या घरच्यांना न विचारता घ्यावं, हे बरं दिसत नव्हतं.

दुसरं म्हणजे २०३२ पर्यंत थांबायचं. हा सगळ्यांत स्वस्त मार्ग होता आणि आमच्यातल्या निम्म्यांना तो मान्यही होता. ग्रंथपाल बाईंनी एकच प्रश्न विचारला: ‘त्या सदतीसांतल्या किती जणी आज आहेत?’ कुणालाच माहीत नव्हतं. आठवडाभरात त्यांनीच शोध घेतला. दोन. १९५३ ला ज्या सोळा-सतरा वर्षांच्या लेकी-सुना होत्या, त्यांतल्या दोघी ऐंशी ओलांडून अजून होत्या. मग थांबण्याचा विषय मागे पडला.

तिसरं, कलम ३१ अ. लेखक हयात नाही किंवा हक्कदार सापडत नाही, अशा वेळी सक्तीचा परवाना मागता येतो. कागदावर ही तरतूद आमच्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. पण अर्ज करण्यापूर्वी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. तिचा खर्च आमच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीहून जास्त निघाला. अर्ज तेव्हा जायचा बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे, त्याचं मुख्यालय चेन्नईला. आम्ही विचार करत असतानाच, एप्रिल २०२१ मध्ये, अध्यादेशाने ते मंडळच बरखास्त झालं आणि काम न्यायालयांकडे गेलं. दीड रुपयाच्या पुस्तकासाठी आम्ही न्यायालयात जावं, असं कुणालाच वाटलं नाही.

चौथी सूचना मला फार आवडली होती: गुरुजींचं पुस्तक बाजूला ठेवा, ओव्या बायकांच्या आहेत, पुन्हा जाऊन त्यांच्याकडूनच गोळा करा. लोकांच्या तोंडी असलेल्या ओवीवर कुणाची मालकी नाही. मात्र आमच्या वकिलांनी सावध केलं. ओव्यांची निवड, क्रम, टिपा, अर्थ हे गुरुजींचं काम आहे. त्यातलं उचलता येणार नाही. आणि या सल्ल्यातून एक बोचरी गोष्ट पुढे आली. ज्या बायकांनी गाणी जन्मभर सांभाळली, त्यांना कायद्याने काहीच दिलेलं नाही. ज्याने ती लिहून घेतली त्याला दिलं, तेही त्याच्या नातवंडांपर्यंत पुरेल इतकं. गुरुजींनी नावं छापून आपल्या परीने ते अंतर थोडं भरून काढलं होतं.

शेवटी ठरलं की वारस शोधायचे आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. सोबत प्रत जपायची.

वारसांचा शोध

टाळेबंदी उठल्यावर, ऑक्टोबर २०२० मध्ये, स्कॅनिंग झालं. सपाट काचेचा स्कॅनर वापरायचाच नाही असं ठरवलं होतं. पुस्तक अर्धवट उघडं राहील अशी लाकडी खोळ सुताराकडून करून घेतली आणि वर कॅमेरा टांगला. दोन मुलं आणि ग्रंथपाल बाई, तीन दिवस. पानं बाई स्वतः उलटत होत्या.

हक्क नक्की कुणाचा, हा पहिला गुंता. ‘सर्व हक्क प्रकाशकाचे स्वाधीन’ ही ओळ होती, पण हक्क दिल्याचा सही केलेला कागद नव्हता, आणि कागदाशिवाय हक्क हस्तांतर होत नाही. छापखानेवाल्यांचा नातू गावातच फ्लेक्स छपाईचं दुकान चालवतो. त्याने आजोबांचा ट्रंक उघडून दाखवला. त्यात गुरुजींनी ७५ रुपये मिळाल्याची दिलेली पावती होती, करार नव्हता. कशाबद्दल मिळाले तेही लिहिलेलं नव्हतं. नातवाने तिथल्या तिथे ‘आमचा दावा नाही’ असं पत्र लिहून दिलं. बाजूला फ्लेक्सचं यंत्र चालू होतं, एका वाढदिवसाचा बोर्ड बाहेर येत होता.

मग गुरुजींचे वारस. शाळेत काही मिळालं नाही. उत्तर तलाठी कार्यालयात होतं. गुरुजींच्या नावे थोडी जमीन होती, ती १९७१ नंतर वारसांच्या नावे लागली आणि १९८८ मध्ये विकली गेली. जुन्या फेरफारात सगळी नावं होती: पत्नी, तीन मुलगे, दोन मुली. पुस्तकाचे वारस जमिनीच्या कागदात सापडले! कॉपीराइटचं कुठेही सात-बारा निघत नाही. पाच गुंठ्यांचा मालक कोण हे सरकारला ठाऊक असतं, पण २१२ पानांचा मालक कोण हे कुणालाही ठाऊक नसतं. आणि या दुसऱ्या मालकीची मुदत साठ वर्षं!

गुरुजींनी मृत्युपत्र केलं नव्हतं. पत्नी १९८४ मध्ये गेल्या, म्हणजे पाच मुलांचे पाच समान वाटे. थोरला मुलगा गेलेला: बायको आणि तीन मुलं, चार वारस. धाकटा मुलगा गेलेला: बायको आणि दोन मुलं, तीन. थोरली मुलगी गेलेली, तिची चार मुलं. धाकटी मुलगी हयात, वय ८६. असे बारा. मधला मुलगा १९७० च्या दशकात घर सोडून गेला तो परत आलाच नाही. १९८८ च्या व्यवहारातही त्याच्या नावापुढे ‘परागंदा’ लिहिलेलं होतं.

बारा माणसं, पाच गावं, एक अमेरिकेत. कुणालाही आपण एका पुस्तकाचे मालक आहोत याची कल्पना नव्हती. पाच जणांनी पुस्तक पाहिलेलंच नव्हतं. थोरल्या मुलीच्या एका मुलाने पंचवीस हजार रुपये मागितले. मला तेव्हा राग आला होता, पण आज मी त्याला दोष देत नाही. अनोळखी माणूस येऊन तुमच्याकडे मालमत्ता आहे असं सांगतो आणि लगेच त्यावर सही मागतो, तर कुणीही किंमत विचारेल. आम्ही सगळ्यांना एकच दिलं: विक्रीकिमतीवर १० टक्के, वाट्याप्रमाणे. जुन्या कायद्यातला तोच आकडा. तो पुतण्या-भाच्यांशी बोलला आणि दोन महिन्यांनी सही करून पाठवली.

आत्यांची अट

धाकट्या मुलीला सगळे आत्या म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. मार्च २०२१ मध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि सही द्यायला साफ नकार दिला.

कारण त्यांनी कपाटातून काढून दाखवलं. नव्वदच्या दशकात निघालेला ओव्यांचा एक जाड संग्रह. त्यात गुरुजींच्या पुस्तकातल्या साठेक ओव्या, टिपांसकट, अगदी शब्दाला शब्द. गुरुजींचं नाव कुठेच नाही. गाणाऱ्या बायकांचीही नाही. ‘आबा चार वर्षं पहाटेचे थंडीत बसले,’ आत्या म्हणाल्या, ‘आणि ह्यांनी एका ओळीत आभारसुद्धा मानले नाहीत. तुम्ही काय वेगळं करणार?’

त्या दिवसापर्यंत माझं मत पक्कं झालं होतं की ही साठ वर्षं कुणाच्याच कामाची नाहीत. आत्यांसमोर ते डळमळलं. त्यांना पैसे नको होते. वडिलांच्या कामावर वडिलांचं नाव हवं होतं, आणि सही न देणं हे त्यांच्या हातातलं एकमेव साधन होतं.

परतताना वकिलांना फोन लावला. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही आधीच विचारायला हवं होतं. नावाचा हक्क कॉपीराइटपेक्षा निराळा आहे. कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे लेखकाला आपलं कर्तृत्व सांगण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा खास हक्क आहे. कॉपीराइट विकला तरी तो लेखकाकडेच राहतो. २०१२ नंतर वारसही तो बजावू शकतात. आत्यांच्या मनातली जखम साठ वर्षांच्या मुदतीने भरून निघणारच नव्हती, कारण मुदत चालू असतानाच ती चोरी झाली होती. ज्याला नाव खायचं होतं त्याने ते खाल्लं. थांबून राहिलो ते आम्ही, विचारून छापू पाहणारे.

दुसऱ्या भेटीत मी कलम ५७ मराठीत लिहून नेलं आणि करारात तीन वाक्यं घातली: पहिल्या पानावर गुरुजींचं नाव, प्रस्तावना जशीच्या तशी, ३७ नावांची यादी पूर्ण आणि पुस्तकाच्या सुरुवातीला. तिसरं वाक्य आत्यांनीच सुचवलं. सही केली आणि म्हणाल्या, ‘यादीत माझ्या आईचं नाव नाही. दुपारचे शब्द विचारून आणायची ती. तिचं घाला.’ ते घातलं. यादी अडतीसांची झाली.

न सापडलेला मुलगा

बारावी सही ऑगस्ट २०२२ मध्ये आली. मधल्या मुलाचा वाटा मात्र तसाच राहिला. सहमालकांपैकी एकाची संमती नसेल, तर काटेकोर अर्थाने परवानगी अपुरीच. आम्ही तीन गोष्टी केल्या. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस दिली, जमिनीच्या व्यवहारात देतात तशी: कुणाची हरकत असल्यास ३० दिवसांत कळवावे. बाराही जणांकडून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेतलं की पुढे दावा आला तर वाट्याचा हिशेब ते करतील. आणि त्याच्या पाचव्या वाट्याचं मानधन वेगळ्या बचतखात्यात ठेवायचं ठरवलं. नोटिशीला उत्तर आलं नाही. वकिलांनी लेखी मत दिलं की धोका थोडा आहे, पण शून्य नाही. कार्यकारिणीत मतदान झालं, सात विरुद्ध दोन. विरोधातल्या दोघांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

निष्पत्ती

डिसेंबर २०२२ मध्ये ३०० प्रती निघाल्या, किंमत १८० रुपये. ११ गावांच्या शाळांना एकेक प्रत दिली. नेटवर पुस्तक टाकलं नाही. त्याची परवानगी करारात नव्हती. स्कॅन वाचनालयाच्याच संगणकावर आहे.

१९९२ ची वाढ झाली नसती तर हे पुस्तक १ जानेवारी २०२२ ला आपोआप मोकळं झालं असतं. त्या वर्षातले आठ महिने आम्ही सह्यांमागे होतो. प्रवास, स्टॅम्प, नोटरी, नोटीस मिळून १४,३०० रुपये लागले.

ज्या दोघी हयात होत्या, त्यांतली एक मे २०२१ मध्ये करोनात गेली. आम्ही कागद जमवत होतो, तिच्याकडे गेलोच नव्हतो. दुसरीला फेब्रुवारी २०२२ मध्ये भेटलो. तिला अक्षरओळख नाही, म्हणून ग्रंथपाल बाईंनी तिचीच ओवी तिला वाचून दाखवली. ओवीत ‘वैरण’ शब्द होता. गुरुजींनी मागे अर्थ दिला होता, गुरांचा चारा. आजी हसल्या आणि मूठ वळून दाखवली. ‘चारा न्हवं बाई. जात्याच्या तोंडात मुठीमुठीनं दाणं सोडतो, ती वैरण.’ सगळ्या ओवीचा अर्थ बदलला. त्यात गोठा नव्हताच. सासरी दळण दळणारी पोर मूठ-मूठ दाणे सोडत माहेरची आठवण काढत होती. भिंतीपलीकडे बसलेल्या गुरुजींना ती मूठ दिसली नसणार. नव्या आवृत्तीत त्यांचा अर्थ तसाच ठेवून खाली आजींच्या नावाने टीप दिली आहे. आजींनी त्या दुपारी अशा चार जागा दुरुस्त केल्या. गेलेल्या आजींच्या गावच्या ओव्यांत अशा किती जागा असतील, ते आता विचारायला कुणी नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक क्रमाची. आधी माणसांकडे जायला हवं होतं, मग कागदांकडे. ओव्या ध्वनिमुद्रित करायला कुणाच्याही परवानगीची गरज नव्हती, फक्त आजींची हवी होती. कायद्याची भीती इतकी बसली होती की जे मोकळं होतं तेही आम्ही थोपवून धरलं.

आत्यांकडे पहिल्या भेटीत करार नेला, ऐकून घ्यायला वेळ नेला नाही. कलम ५७ आधी वाचलं असतं तर चार महिने वाचले असते.

नेटवर ठेवण्याची परवानगी त्याच करारात मागायला हवी होती. नकार येईल म्हणून मागितली नाही. आता पुन्हा बारा सह्या घ्यायचा धीर नाही.

मुदतीबद्दलही माझं मत या प्रकरणाने बदललं. जे लेखक लिहून घर चालवतात, त्यांच्यामागे त्यांच्या बायकोला, मुलांना मानधन मिळालं पाहिजे. मराठीत अशी घरं आहेत आणि तो पैसा त्यांचा हक्काचा आहे. पण ज्या पुस्तकाची पन्नास वर्षांत एक प्रतही विकली गेली नाही, ज्याच्या मालकांना आपण मालक आहोत हे ठाऊक नाही, त्यालाही तेच कुलूप लावणं अन्यायाचं आहे: वाचकावर, गाणाऱ्या बायकांवर आणि गुरुजींवरसुद्धा. पंचवीस वर्षांनंतर हक्क हवा असेल तर वारसाने एक साधी नोंद करावी, पत्ता द्यावा. नोंद नसेल तर दहा टक्के बाजूला ठेवून कुणालाही छापू द्यावं. आंतरराष्ट्रीय बर्न करारात लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं बंधनकारक आहेत आणि नोंदणीची सक्तीही करता येत नाही, म्हणून हे वाटतं तितकं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. तरी ६० ची ५० करणं आपल्या हातात आहे, आणि ३१ अ ची वाट तालुक्याच्या वाचनालयाला परवडेल इतकी सोपी करणंही.

कायदा बदलेपर्यंत आम्ही एक गोष्ट सुरू केली आहे. स्थानिक लेखक पुस्तक भेट देतो तेव्हा एक पानी पत्र भरून घेतो: वारसांची नावं आणि पत्ते, पुस्तक बाजारात नसेल तर वाचनालयाने छापावं का, नेटवर ठेवावं का, कधीपासून. हक्क सोडून देण्याची कायदेशीर सोय आहे, पण ती लेखकाला. म्हणून तो हयात असतानाच विचारायचं. आतापर्यंत १९ जणांनी पत्र भरून दिलं. दोघांनी ‘नको’ लिहिलं. तेही फाइलला लावलं आहे.

मार्च २०२४ पर्यंत २४१ प्रती विकल्या गेल्या. मानधन झालं ४,३३८ रुपये. पंचवीस हजार मागणाऱ्या नातवाच्या वाट्याला २१६ रुपये ९० पैसे आले. त्याने ते घेतले नाहीत, त्याऐवजी पुस्तकाच्या दोन प्रती मागवल्या. मधल्या मुलाच्या नावच्या खात्यात ८६७ रुपये ६० पैसे आहेत.